बसून प्यायची बाटली

घरात टेबल नव्हतं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

आता करंजवाडीत टेबल कुणाच्याच घरात नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं. माणसं पाटावर जेवायची, घोंगड्यावर निजायची, आणि कागदावर सही ठोकायची वेळ आलीच तर स्वतःची मांडी होतीच. पण नाथाजी हवालदाराला त्या रविवारी टेबल पाहिजे होतं, आणि तेही दुपारच्या आत.

"कशाला वो टेबल?" मनुबाईनं चुलीपुढून विचारलं.

"टेबलाबिगर वाइन पीत न्हाईत."

"मग पिऊ नगा."

"आगं, तूच म्हनलीस न्हवं, आज बाटली हलवा म्हनून?"

"हलवा म्हनले. सोहळा करा न्हाई म्हनले. कणगी सारवायची हाय मला. नवा शाळू घरात यायचाय, आन तुमची ती बया दोन वरसं झाली आत आडवी पडलीया. दाणं काढाय गेलं की हाताला गार लागतीया. परवा मला वाटलं साप हाय."

"वाइन आडवीच ठेवायची असती."

"का? ती काय बाळंतीण हाय?"

नाथाजीनं पायात वहाणा सरकवल्या. मेसच्या गोष्टी चुलीपुढं सांगून उपयोग नसतो, हे त्याला पेन्शनीवर आल्यापासून कळलं होतं.

नाथाजी पलटणीत मेस हवालदार होता. गावातल्या बाकीच्या पेन्शनरांनी लढाया मारल्या, यानं पानं वाढली. उभी नोकरी त्यानं खरोखरच उभ्यानं केली. पांढरा कोट, पितळी बटणं, डाव्या हातावर घडी घातलेला टॉवेल, आणि पुढं साहेबाची पाठ. साहेबाच्या उजव्या अंगानं वाकायचं, बाटली अलगद कलती करायची, मनगट जरासं वळवून उचलायची, म्हणजे थेंब चादरीवर पडत नाही. मग साहेब तो देठाचा काचेचा पेला जरा फिरवायचा, नाकाशी न्यायचा, एक घोट घ्यायचा आणि डोळे मिटायचा.

ते मिटलेले डोळे नाथाजीच्या मनात जाऊन बसले होते. साहेबाला त्या घडीला काय होत असेल? आत काय दिसत असेल? मेसच्या बाटलीला त्यानं कधी तोंड लावलं नाही. देवाच्या आधी नैवेद्य खाल्ल्यासारखं वाटलं असतं त्याला. आणि रमच्या वाटेला तो पित्तामुळं गेला नाही.

निरोपाच्या दिवशी कर्नलसाहेबांनी त्याला बोलावलं आणि फ्रान्सची एक बाटली हातात दिली. म्हणाले, "नाथाजी, सारी उमर तूने खड़े होकर पिलाया. अब ये बैठ के पीना. और डालेगा कोई दूसरा. ये मेरा ऑर्डर है." नाथाजीनं कडक सलाम ठोकला, बाहेर आला आणि भिंतीआड जाऊन रडला.

म्हणजे बघा, नुसती बाटली संपवायची असती तर त्याचा पेन्शनर दोस्त कोंडीबा शेजारी बसलेलाच होता. पण ऑर्डर होती. बसून प्यायची होती, आणि ओतणारा दुसरा पाहिजे होता. एकदा तरी, साहेब बसत होता तसं बसून, ते डोळे मिटून बघायचं होतं. नाथाजीला दुसरं काहीही नको होतं.

गावात टेबल एकच होतं, शाळेतलं. नाथाजी कोंडीबाला घेऊन कांबळे गुरुजींच्या दारात गेला.

गुरुजी नियमाचे मोठे पक्के. म्हणाले, "हवालदार, टेबल सरकारी आहे. शाळेबाहेर काढायचं तर कारण सार्वजनिक लागतं. झेंडावंदन, मतदान, नाहीतर कॅम्प. तुमचं कारण काय?"

"वाइन प्यायचीय, गुरुजी."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. वाइन त्यांनी पुस्तकात पुष्कळ वाचली होती, डोळ्यांनी पाहिली नव्हती. थोडा वेळ त्यांचं आणि नियमाचं आतल्या आत भांडण झालं.

"असं करू," शेवटी ते म्हणाले, "टेबलाबरोबर मीच येतो. म्हणजे टेबल शाळेच्या ताब्यातच राहील."

"आन पेला? देठाचा पेला लागतो तिला," नाथाजी म्हणाला.

"देठाचा? एक आहे की! खो-खोचा कप."

तालुक्याच्या खो-खोत करंजवाडीची पोरं अंतिम सामन्यात हरली होती, त्याचा तो कप. खाली देठ, वर वाटी, बाजूला दोन कान, आणि पोटावर ठळक अक्षरांत 'उपविजेता'. नाथाजीनं तो उलटासुलटा करून बघितला. काचेचा नव्हता, रंग दिसणार नव्हता. पण देठ होता.

"चालंल," तो म्हणाला.

कोंडीबा आणि नाथाजी टेबल घेऊन निघाले आणि मागून गुरुजी एका हातात शाळेची खुर्ची, दुसऱ्या हातात कप घेऊन. शाळेचं टेबल गल्लीतून चाललेलं बघून माणसं ओट्यावर उठून उभी राहिली. करंजवाडी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बरोबर शिवेवर. एरवी सातारावाले म्हणत गाव सांगलीचं आणि सांगलीवाले म्हणत साताऱ्याचं. पण त्या वर्षी, म्हणजे शहात्तर साली, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनाला माणसं गोळा करायची वेळ आली तेव्हा दोन्हीकडच्यांनी गावावर हक्क सांगितला होता. एक कॅम्प साताऱ्याचा होऊन गेला. दुसरा सांगलीचा कधी येऊन बसेल याचा नेम नव्हता. कॅम्पाला हेच टेबल लागायचं, त्यामुळं ते हललं की गावातले बाप्ये पळायच्या तयारीत असायचे.

"कोण आलंय?" एकानं विचारलं.

"कोन न्हाई. हवालदार बसनार हाय," कोंडीबानं सांगितलं. विचारणाऱ्याला काहीच कळलं नाही, आणि न कळलेलं तो पुढच्या घरी सांगायला गेला.

दारात आल्यावर कळलं की टेबल दारातून आत जात नाही. आडवं करून बघितलं, उभं करून बघितलं. एकदा तर दोन पाय आत आणि दोन बाहेर असं अडकून बसलं.

"चौकट काढू का?" कोंडीबानं विचारलं.

"चौकटीला हात लावाल तर खबरदार!" आतून मनुबाई ओरडली, आणि टेबल मुकाट्यानं अंगणात शेवग्याखाली गेलं. नाथाजीला चारचौघांच्या देखत प्यायचं नव्हतं, पण आता इलाज नव्हता.

टेबलावर शाईचे डाग होते. त्याला पांढरी चादर पाहिजे. घरात पांढरी चादर एकच होती, ती जावयाची. जावई दिवाळीला आला की तेवढीच ट्रंकेतून निघायची, बाकी वर्षभर तिच्यात कापराच्या वड्या. मनुबाई शेण आणायला परसात गेली तेवढ्यात नाथाजीनं ती काढली आणि टेबलावर अशी पसरली, की चारी कोपरे सारखे लोंबले पाहिजेत. बोटानं मोजून बघितले. मग ट्रंकेतूनच मेसचा पांढरा कोट काढला, बटणं कोपरानं घासली आणि अंगात चढवला.

"कोट पोटावर ताणलाय रं," कोंडीबा म्हणाला.

"चूप. आता बूच."

बूच हा खरा वैरी निघाला. मेसमध्ये ते काढायचा मळसूत्री हूक होता. तो मेसचा होता आणि मेसमध्येच राहिला होता. कोंडीबानं खिळा घालून बघितला, मग उलथनं. म्हणाला, "नरडंच उडवू का? रमच्या बाटलीला लय डाव केलंय." नाथाजीनं बाटली पोटाशी धरली.

शेवटी अर्जुना सुताराला हाक गेली. अर्जुना लाकडात भोकं पाडायचं गिरमिट घेऊन आला, बाटलीकडं बघितलं, बुचावर टिचकी मारली.

"लाकूड मऊ हाय. येतंय."

त्यानं गिरमिट फिरवलं. ते आत गेलं आणि तिथंच रुतलं. मग अर्जुनानं बाटली दोन्ही गुडघ्यांत धरली, गिरमिटाची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढलं. काही हललं नाही. कोंडीबानं मागून अर्जुनाच्या कमरेला मिठी मारली. गुरुजींनी कप टेबलावर ठेवून कोंडीबाला धरलं.

"एक, दोन..."

तीन म्हणायची गरज पडली नाही. बंदुकीचा बार झाला असं सगळ्या गल्लीला वाटलं. बूच निघालं, गुरुजी ओट्यावर बसले, कोंडीबा गुरुजींवर, आणि अर्जुना उताणा टेबलावर. नाथाजीनं बाटली मात्र हवेत झेलली. तरी घोट-दोन घोट उडालेच. चादरीवर लालभडक शिंतोडे, अर्जुनाच्या सदऱ्यावर शिंतोडे, धोतरावर तर मोठा डागच.

"अयाई गं!" अर्जुना ओरडला, कारण त्याच्या पाठीखाली खो-खोचा कप आला होता.

कोंडीबानं त्याचे हात धरले, गुरुजींनी पाय, उचलून खाली घ्यावा म्हणून. नेमका त्याच वेळी म्हाताऱ्या भामाबाईचा लेक गुंडा म्हशी घेऊन गल्लीतून निघाला होता. त्यानं काय बघितलं? टेबल. टेबलावर पांढरी चादर. चादरीवर लाल. पांढरा कोट घातलेला एक माणूस पाठमोरा उभा. आणि चौघांच्या... नाही, दोघांच्याच हातात तंगड्या झाडत ओरडणारा अर्जुना, ज्याला नुकतंच तिसरं पोर झालेलं.

गुंड्याची चार होती.

त्यानं म्हशी तिथंच सोडल्या, धोतराचा सोगा तोंडात धरला आणि पळाला. पळता पळता सोगा तोंडातून सोडून ओरडला, "पळा रं! कॅम्प आलाऽऽ! अर्जुनाला घेतला!"

पुढं काय झालं ते सांगायला पाहिजे असं नाही. पारावर पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते सुद्धा गोळा केले नाहीत. न्हाव्यापुढं बसलेला एक जण अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठला, आणि त्याच्या मागून वस्तरा घेतलेला न्हावीही. घटकाभरात गावात बाप्या माणूस औषधाला शिल्लक राहिला नाही. ओढ्याकडच्या उसात मात्र पाचट सारखं वाजत होतं.

इकडं अंगणात याचा पत्ताच नव्हता. मनुबाई शेणाचे हात घेऊन परसातून आली आणि चादर बघून जागच्या जागी थबकली.

"जावयाची चादर!"

"धुतली की निघंल," नाथाजी म्हणाला.

"तुमी निघाल, डाग न्हाई निघायचा!" असं म्हणून ती तरातरा आत गेली आणि कणगी अशी सारवायला लागली की शेणाचे फटकारे बाहेर ऐकू येत होते.

नाथाजीनं मनाचा हिय्या केला. बुचाचा चुरा गाळायला चहाची गाळणी आणली, शाळेची खुर्ची ओढली आणि बसला. ताठ बसला. टॉवेल गुरुजींच्या हातावर टाकला.

"गुरुजी, वता."

गुरुजी डावीकडून आले.

"उजव्या अंगानं!"

गुरुजी उजवीकडं गेले.

"साहेबाच्या तोंडापुढं कोपर न्हाई आणायचं. हां. आता कलती करा. भसाभसा नगं! मनगट वळवा, मनगट!"

"हवालदार, मी मास्तर माणूस आहे," गुरुजी घाम पुसत म्हणाले, आणि टॉवेलानंच पुसला.

कपात वाइन पडली. नाथाजीनं दोन्ही कान सोडून देठ धरला, कप फिरवला. नाकाशी नेला. छाती धडधडत होती त्याची, लग्नात अंतरपाट धरतात तेव्हा धडधडली नव्हती इतकी. त्यानं घोट घेतला आणि डोळे मिटले.

कच्च्या कवठाच्या सालीसारखं लागलं. आंबट, तुरट, वर बुचाचा भुसा. जीभ टाळ्याला चिकटून बसली. मिटलेल्या डोळ्यांच्या आत काहीसुद्धा दिसलं नाही, नुसता अंधार.

"कशी हाय?" कोंडीबानं विचारलं.

"लय भारी," नाथाजी म्हणाला.

पण आत त्याचं मन बसलं. ह्याच्यासाठी साहेब डोळे मिटत होते? ह्याच्यासाठी आपण दोन वर्षं बाटलीला शाळवाच्या दाण्यांत तळहाताच्या फोडासारखं जपलं? का वाइनला माणूसच साहेब लागतो, आणि आपल्यासारख्याच्या तोंडी ती अशीच लागायची? टेबल होतं, चादर होती, कोट होता, ओतणारा होता. नाथाजीला एकदम उन्हात बसल्यासारखं वाटायला लागलं.

"मला बघू की रं घोटभर," कोंडीबा म्हणाला, कपातलं प्याला आणि थुंकला. "ह्यात कायबी न्हाई गड्या. कडक न्हाई, ग्वाड न्हाई. बिघडलीय."

"वाइन जितकी जुनी तितकी चांगली असते," गुरुजींनी पुस्तकातलं सांगितलं.

"माजा चुलता बी जुना हाय, गुरुजी. काय उपेग?"

अशी सगळी उदास होऊन बसलेली असताना फाटकात भामाबाई आली. हातात पितळेची वाटी. तिच्यामागं गल्लीतल्या आणखी पाच-सहा म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या हातात काही ना काही. कॅम्प आला म्हटल्यावर बाप्ये पळाले होते, पण म्हाताऱ्यांना कशाची भीती? मागच्या कॅम्पाला गुडघ्याचं औषध फुकट मिळालं होतं.

"कुटं हाय दागदर?" भामाबाईनं विचारलं, आणि कोट बघून म्हणाली, "आगं बया, नाथाजी, तूच व्हय? कवा झालास?"

"मावशे, ह्यो कॅम्प न्हाई."

"नसू दे. माजा गुडघा हाय न्हवं? वत."

"आवं, ह्ये औषध न्हाई. इलायती द्राक्षांची दारू हाय ही. खरं सांगतो."

"खोकल्याच्या बाटलीत बी दारूच असती, मागच्या दागदरनंच सांगितलं. वत म्हंते न्हवं!"

नाथाजी घुटमळला. तेवढ्यात आतून मनुबाईचा आवाज आला. राग होता, पण राग वेगळा आणि रीत वेगळी. "आवं, रिकामं भांडं घिऊन दारात आलीया ती. तशी मागारी धाडता का काय? घरात इतकं दलिंदर न्हाई आलं!"

झालं. रिकामं भांडं दारात आलं की त्यात काहीतरी पडल्याशिवाय ते परत जात नाही, ही त्या घराची चाल. आणि रिकामं भांडं समोर दिसल्यावर नाथाजीचा हातही आपोआप उठला. बावीस वर्षांची सवय. तो खुर्चीवरून उठला, गुरुजींच्या हातावरचा टॉवेल आपल्या हातावर घेतला आणि म्हणाला, "बसा, मावशी."

"म्या? खुर्चीवर?"

"बसल्याबिगर मिळत न्हाई."

भामाबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. नाथाजी उजव्या अंगानं आला, वाकला, बाटली कलती केली, वाटीत दोन घोट ओतले, मनगट वळवलं. थेंब सांडला नाही. भामाबाईनं वर बघितलं. सत्तरी गाठलेली बाई. जन्मभर सासऱ्याला, नवऱ्याला, पोरांना वाढून झाल्यावर तव्यापुढं बसून जेवलेली. पितळी बटणांचा कोट घातलेला बाप्या आपल्यापुढं वाकून वाढतो आहे, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. तिनं वाटी दोन्ही हातांनी धरली, घोट घेतला आणि डोळे मिटले.

नाथाजी बघतच राहिला. तेच. अगदी साहेबांचेच डोळे.

"कशी लागली वो?" त्यानं हळूच विचारलं.

"लय ग्वाड हाय, बाबा," डोळे न उघडता भामाबाई म्हणाली.

"ग्वाड?"

"साखरंवानी."

नाथाजीनं कोंडीबाकडं बघितलं, कोंडीबानं गुरुजींकडं. मग दुसरी बसली. मग तिसरी. प्रत्येकीला खुर्ची, प्रत्येकीला उजव्या अंगानं, प्रत्येकीला मनगट वळवून. एक म्हणाली मधासारखी आहे, एक म्हणाली माहेरच्या करवंदांसारखी. आंबट म्हणून कुणी म्हणेना. नाथाजी आता रंगात आला होता. "और थोडा, मेमसाब?" असं तो रंगूबाईला म्हणाला, आणि रंगूबाई पदरात तोंड घालून इतकी हसली की तिला धरून ओट्यावर न्यावी लागली.

एवढ्यात काठी टेकत आबा आले. गावातले सगळ्यांत वडील, गळ्यात माळ, डोळे अधू. ते उसात पळाले नव्हते, कारण त्या कॅम्पाला त्यांचा काही उपयोग नव्हता. ते सरळ येऊन खुर्चीवर बसले.

"वाढ, नाथाजी. समद्यांस्नी दिलंस म्हनं."

नाथाजी अडचणीत आला. खोटं बोलवेना. "आबा, ह्ये तुमच्या माळंला चालायचं न्हाई."

आबांचा चेहरा पडला. खुर्चीत बसलेला माणूस, सगळ्यांच्या देखत उठणार कसा? नाथाजीला ते बघवलं नाही. त्यानं घरातून तांब्या आणला, खो-खोचा कप तीनदा स्वच्छ विसळला, टॉवेल हातावर नीट केला.

"आबा, तुमच्यासाठी येगळं. निव्वळ पानी हाय," असं सांगून उजव्या अंगानं वाकून त्यानं तांब्यातलं पाणी कपात ओतलं, मनगट वळवून.

आबा प्याले. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"कुठलं रं पानी ह्ये?"

"आपल्याच आडाचं, आबा."

"खोटं बोलू नगं. त्या आडाचं मी ऐंशी वरसं पितोय," आबा म्हणाले. "आनी एक दे."

मनुबाई तेव्हा सारवलेल्या हातांनी उंबऱ्यात उभी होती. तिनं आबांचे डोळे बघितले, कपाकडं बघितलं, आणि आत गेली.

शेवग्याखाली म्हाताऱ्यांचा मेळाच जमला. दोन-दोन घोटांनी कुणाला चढणार? पण रंगूबाईनं ओवी धरली, भामाबाईनं गुडघा धरून धरून फुगडी घालून दाखवली, आणि आबा निव्वळ पाण्यावर ताल धरून बसले. कोंडीबानं सुद्धा पुन्हा वाटी पुढं केली. दोन घोट प्याला आणि म्हणाला, "आता बरी लागतीया गड्या. मगाशी बिघडली हुती."

ऊन उतरलं तेव्हा फाटकापाशी गुंड्याचं डोकं दिसलं. अंगभर पाचट, तोंड ओरखडलेलं.

"आये," तो दबल्या आवाजात म्हणाला, "गेला का दागदर?"

"ये की, तुजीच वाट बघाय लागलाय!" भामाबाई ओरडली, आणि डोकं जे गेलं ते दिवेलागणीलाच परत आलं.

एकेक करून माणसं गेली. गुरुजींनी टेबल उद्या न्यायचं ठरवलं, कारण आज कुणाच्याच हातांत उचलायचं बळ नव्हतं, हसून हसून. नाथाजीनं बाटली उचलली. हलकी लागली. उलटी केली. तळाला बुचाचा तुकडा तेवढा होता.

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. सगळ्यांना पाजली, आणि पुन्हा उभ्यानंच. आपल्या वाट्याला आला तो एक आंबट घोट. आता बाटली पुन्हा येणार नव्हती, फ्रान्स काही कराडच्या बाजारात बसत नव्हतं. तो बाटली टेबलावर ठेवून परसदाराच्या उंबऱ्यावर जाऊन टेकला. कोटाची बटणं काढायला हात उचलला, तो तसाच राहिला.

"साहेबाची ऑर्डर मोडली," तो स्वतःशीच म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आवं," थोड्या वेळानं मागून मनुबाई म्हणाली, "हिकडं या."

तिनं हात धुतले होते. लुगडं बदललं होतं. टेबलावरची चादर उलटी करून घातली होती, डाग खालच्या अंगाला गेला होता. खुर्ची मागं ओढलेली.

"बसा."

"कशाला? संपली ती."

"तळाला थोडी हुती. गाळून ठेवली म्या. बसा म्हंते न्हवं!"

नाथाजी बसला. मनुबाईनं डाव्या हातावर टॉवेल टाकला. ती उजव्या अंगानं आली. कोपर तोंडापुढं आणलं नाही. फ्रान्सची बाटली अलगद कलती केली, उपविजेत्याचा कप अर्धा भरला आणि मनगट वळवून बाटली उचलली. थेंब सांडला नाही. दोन वर्षं चुलीपुढं ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं.

आता वाचकांना म्हणून सांगतो. मनुबाईनं बाटलीत ओतलं होतं ते आमसुलाचं पाणी, गूळ-जिरं घालून. नाथाजीच्या पित्तावर ती शिवरात्रीपासून मिरगापर्यंत रोज दुपारी हेच पाणी करायची. आणि नाथाजी रोज 'काय आंबटढाण करतीस गं' म्हणून अर्धं प्यायचा, आणि उरलेलं तिची पाठ वळली की शेवग्याच्या बुडात ओतायचा.

नाथाजीनं कप फिरवला. नाकाशी नेला. क्षणभर तिथंच थांबला. मनुबाई त्याच्या पाठीमागं उभी होती, ताठ, मेसमध्ये तो उभा राहायचा तशी. शेणाचा, कापराचा आणि सारवलेल्या ओल्या कणगीचा वास येत होता. पलीकडच्या गल्लीत भामाबाई अजून गात होती.

त्यानं घोट घेतला आणि डोळे मिटले.

ते लवकर उघडेनात. मनुबाईचा धीर सुटला.

"कशी हाय?"

"आता खुलली," डोळे मिटूनच नाथाजी म्हणाला. "असली वाइन कर्नलसाहेबाच्या बापानं सुदिक प्याली नसंल."

मनुबाईनं तोंडावर टॉवेल धरला. फसला म्हणून तिला हसू येत होतं आणि सुखानं डोळे मिटून बसलेला नवरा बघून रडूही येत होतं. नाथाजीनं दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, कप पार उताणा करून शेवटचा थेंबसुद्धा प्याला. शेवग्याच्या बुडाला आज काही मिळालं नाही.

मग त्यानं कप टेबलावर ठेवला, कोटाचं वरचं बटण काढलं आणि मागं न बघता हळूच म्हणाला, "आगं."

"काय?"

"उद्या जिरं जरा कमी घाल."

मनुबाई टॉवेल हातावर तसाच धरून उभी राहिली. नाथाजी उठला, खुर्ची तिच्याकडं वळवली, तिच्या हातावरचा टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला आणि म्हणाला,

"आता तू बस. हाय का अजून तळाला?"

"तांब्याभर हाय," मनुबाई म्हणाली, आणि बसली.